शेवटचं पान

प्रिय भगवंतमामा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, तरी तुमालेच लिहून राह्यली. नांदुऱ्याच्या तुमच्या वाचनालयात तुम्ही ‘उल्कावीर’च्या प्रत्येक कॉमिकचं शेवटचं पान काढून वहीत चिकटवत होते. कॉमिक परत आणलं की मंगच ते पान वाचाले भेटे. किती भांडली मी त्यापायी!

‘उल्कावीर’ छापणारी ती बंद पडलेली कंपनी आता पुन्हा सुरू झाली. जुने अंक छापाचे होते, पण सापडलेल्या प्रतींची शेवटची पानंच फाटलेली. मी तुमची वही पाठवली. काल पुस्तक आलं. आत तुमचं नाव छापलंय, मामा! लय उपकार तुमचे.

शेवटचं पान काढून पुस्तक पोरीले दिलं. सकाळपासून भांडून राह्यली माझ्यासंग.

तुमची भांडकुदळ भाची,
पुष्पांजली