अप्पांचं नाव काढण्याबाबत

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार, भर दुपार

ती. गंगव्वा अक्कास,
धाकट्या शशिधरचे शरणु शरणार्थी.

तुझा गुडघा काय म्हणतो? महांतेश दाजींनी कानाचं यंत्र लावायला घेतलं, की ते अजून कपाटात डबीतच ऐकत पडलंय? निपाणीत ऊन कसं आहे हे मात्र मी विचारणार नाही. गेला महिनाभर आमच्या घरात उन्हाशिवाय दुसरा विषय नाही, आणि मला त्या शब्दाचाच वीट आला आहे. बाकी आम्ही खुशाल. आता आधी एक खुलासा. मी पतसंस्थेच्या निवडणुकीला उभा नाही, आणि तुझं-माझं फाटलेलंही नाही. निपाणीच्या बाजारात तुला कुणी याच्या उलट सांगितलं असेल तर त्याला चहा पाज आणि हे पत्र वाचून दाखव. (दाजींना दाखवताना मोठ्याने वाच.)

झालं असं की आपल्या सुष्मीने पुण्याहून धोशा लावला. लेक दर रविवारी फोनवर तोंड दाखवते आणि ‘पप्पा, गच्चीवर सोलर बसवा’ एवढं बोलून जावयाकडे फोन देते, मग जावईही तेच बोलतात. तुला माहीत आहे, मला निर्णय घ्यायला जरा वेळ लागतो. (पुढच्या सोप्याला कोणता रंग द्यायचा यात दोन दिवाळ्या गेल्या, हे तू चारचौघांत सांगतेस ते मला कळतं.) तरी मी मन घट्ट केलं आणि कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो टेप घेऊन गच्चीवर चढला तेव्हा तुझी भावजय शांभवी मिरच्या पसरत होती. यंदा समोर चार मजली इमारत झाल्यापासून गल्लीत दिवसभर ऊन राहणारी गच्ची आपलीच. त्यामुळे चौदा घरांची ब्याडगी आणि संकेश्वरी आपल्याकडे वाळत पडलेली असते, आणि खाली आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक पंपाचा वॉशर मागायच्या आधी तीन वेळा शिंकतं. तो माणूस शांभवीला अदबीने म्हणाला, “काकू, पॅनेलं उंचावर बसतात, खाली जागा मोकळीच राहते.” ती म्हणाली, “जागा राहती हो. ऊन राहतंय का?” त्याने टेप गुंडाळून घेतला. बिचारा बी.ई. झालेला आहे, पण चटणीपुढे त्याचं काही चालेना.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो, तर समोर हंबीरराव. बिद्रीकडचा माणूस, साखर कारखान्याच्या निवडणुकीतच दात आले त्याला. आता तीस वर्षं आपला शेजारी आहे, पण कुठेही चार माणसं एकत्र दिसली की तो अजून मतं मोजतो. पुढचं बोलणं मी शब्दाला शब्द लिहितो, म्हणजे माझी चूक काय ते तूच सांग.

“अण्णा, काय चाललंय गच्चीवर?”

“पॅनेलचं बघतोय.”

“व्हय? बोलला न्हाईसा कवा! किती जणांचं?”

मला ते ‘किती’च ऐकू आलं. (आपल्या घरात दाजींना एकट्यांनाच यंत्र लागतं असं नाही.) म्हटलं, “सहा बसतात.”

“सहानं काय हुतंय? बारा तरी पायजेत की.”

“आमच्यात तेवढी जागा न्हाय हो.”

“बरं, चालणार कशावर?”

“सूर्यावर.”

“झकास चिन्ह! आन् नाव कुणाचं?”

“नाव अजून अप्पांचंच हाय. पण ते काढावं लागणार म्हणतात. त्याला अक्काची सही पायजे.”

यावर हंबीररावाचे डोळे भरून आले. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “अण्णा, अप्पांचं नाव काढू नगासा. त्या नावावर तर गल्ली उभी हाय.” मलाही भरून आलं. विजेच्या मीटरबद्दल एवढा जिव्हाळा असलेला शेजारी कुणाला लाभतो, असं मनात म्हणत मी जेवायला घरात गेलो.

जेवून उठेपर्यंत ‘स्व. पंचाक्षरी पॅनेल’ गल्लीभर झालं होतं, आणि अक्काची सही अडली म्हणजे बहीणभावाचं फाटलं, असंही. अप्पांनीच काढलेली पतसंस्था, तिची निवडणूक पुढच्या महिन्यात, आणि संस्थापकाचा मुलगा मैदानात! चार वाजता पाच जण इस्त्रीचे कपडे घालून आले. मला वाटलं, कंपनीची माणसं. मी सगळ्यांना गच्चीवर नेऊन दक्षिण कुठे आणि सावली कुठे पडते ते दाखवलं, आणि तेही ‘अण्णांचा अभ्यास हाय’ असं म्हणत गंभीरपणे मिरच्या ओलांडत फिरले. पाचव्याला मी विचारलं, “वाऱ्याने उडून तर जाणार नाहीत ना?” तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “मी तरी न्हाय. बाकीच्यांचं सांगता येत न्हाय.” इथे मला पहिल्यांदा शंका आली. तोवर विरोधी गटाच्या शालूबाई एक नारळ आणि ‘माघार घ्यावी’ असा निरोप ठेवून गेल्या होत्या. हंबीररावाने मतदारांना पन्हाळ्याला न्यायला दोन गाड्या सांगून ठेवल्या होत्या आणि मटणाच्या पांढऱ्या रश्श्याचं पातेलं आपल्या अंगणात कुठे बसेल ते पावलांनी मोजत होता. आपल्या अंगणात, अक्का! गळ्यात लिंग असलेल्या घरात! मी ओरडून सगळ्यांना सांगितलं की हे विजेचं पॅनेल आहे. लोक हसले. खरा उमेदवार आधी नाहीच म्हणतो, असं त्यांचं मत पडलं.

तर हे झालं पॅनेलचं. आता सहीचं सांगतो. सोलर ज्याच्या नावावर बसवायचं त्याच्याच नावावर मीटर लागतो, आणि आपला मीटर अप्पांच्या नावावर आहे हे तुला ठाऊक असेलच. अप्पांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी वीज कार्यालयात गेलो, खिडकीवर स्वप्नाली नावाची मुलगी होती, गोड बोलणारी. कागद बघून म्हणाली, “काका, वडलांचं नाव काढायला लागंल की. तुम्ही काढणार ना?” आणि अक्का, मला थेट आपला सोपा आठवला. मी दुसऱ्यांदा अकरावी नापास झालो तेव्हा अप्पा सोप्यात उभे राहून काय म्हणाले होते, आठवतंय? “हा काय माझं नाव काढणार!” तू दाराआड हसली होतीस. त्या मुलीला यातलं काय माहीत? तिने पेन पुढे केलं आणि मी ‘अक्काला विचारून येतो’ म्हणून निघून आलो. एकसष्ट वर्षांचा माणूस अक्काला विचारून येतो म्हणतो, तिलाही हसू आलं.

वारस म्हणून तुझी संमती लागते, म्हणून कागद सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. दाजींना नमस्कार.

तुझा,
शशिधर

ता. क. : खरं सांगतो, सही करू नकोस. फोन करून मला चांगला झाप, ‘माझ्या जिवात जीव असेतोवर सही देणार नाही’ असं सुष्मीलाही सुनाव, म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. दर महिन्याला बिल येतं, त्यावर ‘श्री. पंचाक्षरी’ असं छापलेलं असतं. रेशनकार्डावरून गेले, बँकेतून गेले, मतदारयादीतून गेले. आता जगात फक्त हा एकच कागद त्यांना अजून ‘श्री.’ म्हणतो. तो माझ्या हाताने बंद करवत नाही गं. मिरच्यांचं निमित्त मी शांभवीच्या गळ्यात मारणार होतो, पण तिने ओळखलं.

ता. ता. क. : (गुरुवार. पाकीट घेऊन निघालो होतो ते कोपऱ्यावरून परत आणून पुन्हा उघडलं आहे.) कोपऱ्यावर फलक लागलाय. दहा फूट उंच. वर सूर्य, मधे अप्पा (सोप्यातला फोटो हंबीरराव ‘जरा पुसून आणतो’ म्हणून घेऊन गेला होता), आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्व. पंचाक्षरी पॅनेल’. महिला राखीव जागेवर नाव कुणाचं, तर सौ. शांभवी शशिधर! तिने मला न विचारता अर्जही भरला. मी विचारलं तर म्हणाली, “तुम्हाला विचारलं असतं तर दोन दिवाळ्या गेल्या असत्या.” चौदा घरांची मतं तिच्या मिरच्यांखाली आधीच वाळत पडली आहेत. गच्ची गल्लीला कायम खुली, असं तिने जाहीरही करून टाकलं. कंपनीच्या माणसाशी तिनेच तोडगा काढला, जिन्याच्या खोलीवर तीन पॅनेलं बसतात, बाकीचं ऊन चटणीचं. सकाळपासून पोरंटोरं ‘पंचाक्षरी, पंचाक्षरी’ ओरडत फिरताहेत. दूधवाला विचारत होता, हे पंचाक्षरी कोण? मी फलकाखाली उभा राहून त्याला सगळं सांगितलं, आणि त्याचं दूध नासेपर्यंत सांगितलं.

तेव्हा झापण्याचं राहू दे. सही कर आणि कागद उलट टपाली पाठव, स्वप्नालीताई वाट बघत असेल. आणि अप्पा तुझ्याच स्वप्नात येतात, माझ्या येत नाहीत, म्हणून तुझ्याकडे निरोप देतो. आता आले की त्यांना एवढं सांग, शशीने तुमचं नाव काढलं.