गाडीपुढची अगरबत्ती

नायगाव, शनिवार

तीर्थस्वरूप दगडूदादा,

धाकट्या लहूचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तीन दिवस बॉनेटखाली वाकून कंबर अशी धरली आहे की साष्टांग घातला तर उठवायला तुलाच यावं लागेल. (आणि तू येणार नाहीस, हे दोन वर्षांत मला कळून चुकलं आहे.) तुझा डोळा कसा आहे? वहिनींचा गुडघा? पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळी खुशाल आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस. पोस्टमनला मात्र ओटीवर बसवून चहा देतोस असं मेघनाकडून कळलं, म्हणून हा मार्ग धरला. मुलगी तुझी असली तरी काकाला बातम्या पुरवते हो.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. दादा, मी गाडीला हात लावला.

दोन वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तुला आणि वहिनींना गावी पोचवायला निघालो आणि कर्नाळ्याच्या वळणावर गाडी बंद पडली, तेव्हा तू माझ्या हातातून चावी काढून घेतलीस आणि म्हणालास, "तुझ्या हाताला गुण नाही. पुन्हा हिला हात लावू नकोस." तुम्ही मिळेल त्या एसटीने दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलात. तोवर मुहूर्त टळू नये म्हणून भावकीतल्यांनी आपल्या घरचा गणपती बसवून टाकला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो तुझ्या हातून बसला नाही. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मीही गाडीकडे फिरकलो नाही. ती टो करून चाळीच्या आवारात आणून ठेवली, तिथेच कबुतरांच्या ताब्यात उभी राहिली.

पण आता आपली चाळ रिकामी होते आहे. आवारात नोटीस लागली आहे, की जी वाहनं स्वतःच्या चाकांवर बाहेर पडणार नाहीत ती महिनाअखेरीस उचलून भंगारात जातील. तू अठ्ठ्याण्णव साली पेढे वाटून आणलेली गाडी क्रेनला लटकलेली मला बघवली नसती. (चावी तर तुझ्याकडे, मग मी ती चालू कशी केली, हे तू आत्ता वहिनींना विचारतो आहेस. शेवटी सांगतो.)

रे रोडहून गॅरेजवाला दीपेश आला. नवी बॅटरी लावली, पेट्रोल बदललं, गाडी सुरू झाली. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की धापा टाकायची आणि बंद पडायची. अगदी कर्नाळ्याला करत होती तशी. दीपेश म्हणाला, "काका, इंजिन उतरवावं लागेल. नाहीतर सोडा ना नाद." मी त्याला थांबवलं. परळच्या इस्पितळात तीस वर्षं सक्शनचा प्लांट सांभाळलेल्या माणसाला हे सांगायचं? वॉर्डात रोग्यांचा कफ ओढणारं सक्शन कमी पडलं की आधी नळ्या तपासायच्या, पंपाला शिव्या मागाहून. इंजिनाचंही तेच. ते हवा मोजून ओढतं, आणि एखादी नळी चिरली की नको तिथून हवा शिरून त्याचा जीव घाबरतो. आतून सूं सूं असा बारीक आवाज येत होता, पण जागा काही दिसेना. आपल्या घरातल्या रुसव्यांचंही असंच असतं, आवाज वर्षानुवर्षं येत राहतो आणि जागा सापडत नाही. तीन दिवस मी हाच विचार करत होतो.

मग मला अगरबत्ती आठवली. चालू इंजिनाच्या नळ्यांवरून तिचा धूर फिरवायचा. जिथे चीर असेल तिथे तो आत ओढला जातो. (पेट्रोल कुठे गळत नाही हे आधी बघितलं. दीपेश तरीही पाण्याची बादली घेऊन लांब उभा राहिला.) मी डोळे बारीक करून, श्वास रोखून, गाडीला अगरबत्ती ओवाळतो आहे हे तळमजल्यावरच्या राधाबाईंनी पाहिलं. दोन मिनिटांत त्या हळदकुंकू घेऊन हजर. "लहू, आज अवस, नी पूजा कसली करतंस? आणि नारळ खंय आसा?" त्यांच्या मागून आणखी चार बायका आल्या. हा व्हॅक्युमचा तपास आहे असं मी समजावू लागलो, तेवढ्यात कार्ब्युरेटरच्या मागे धूर सरळ जाता जाता वळला आणि सुर्रकन आत गेला. राधाबाईंनी हात जोडले. "देवान घेतल्यान गो, घेतल्यान!" माझेही हात जोडले गेले, खोटं कशाला सांगू.

तिथे एक चिरलेली नळी निघाली. मूळची काळी रबरी नळी काढून कुणा अडाण्याने हिरवट प्लास्टिकचा तुकडा कोंबला होता! इंजिनाच्या उष्णतेने तो कडक होऊन तडकला होता. म्हणजे कर्नाळ्याला गाडी बंद पडली ती माझ्या चालवण्याने नव्हे. दादा, मी कुणाचं नाव घेत नाही. गाडी तुझी, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

वहिनींना नमस्कार. त्यांची धाकटी जाऊ गुणवंती तुमची आठवण काढते, आणि काढली की माझ्याकडे बघते.

तुझा,
लहू

ता. क. वरचं सगळं लिहून, चावीचं सांगायचं टाळून पाकीट डकवलं होतं, पुन्हा फोडलं. त्या तुकड्यावर इस्पितळाचा शिक्का आहे. तुझी दुसरी चावी नऊ वर्षांपूर्वी हरवली, आणि तू मेघनाला दोन दिवस बोलत होतास, आठवतं? ती हरवली नव्हती, आजवर माझ्याकडेच होती; आता गाडी चालू केली ती तिनेच. तू शिमग्याला गावी गेलास तेव्हा मी ती घेऊन गुणवंतीला चौपाटीवर फिरवून आणलं. परतताना लालबागला ही नळी फुटली. तुला कळू नये म्हणून मी प्लांटमधल्या सक्शनच्या नळीचा तुकडा कापून बसवला आणि विसरून गेलो. तो अडाणी मीच. तुझा गणपती माझ्यामुळे चुकला, दादा.

ता. क. दुसरा. आता अस्सल रबरी नळी लावली आहे. गाडी सिग्नलला शांत उभी राहते. या वर्षी चतुर्थीच्या चार दिवस आधी निघून ती तुझ्या दारात उभी करावी आणि मूर्तीचा पाट तुझ्या हातात द्यावा, एवढीच इच्छा आहे. तू नको म्हणालास तर येणार नाही. पण नको म्हणायला तरी फोन उचल.