खटक्याची इस्त्री

१२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर आता बरी असेल. मी ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर मोठं आलंय त्याला हसू नकोस, पेन जाड आहे.

बातमी एकच, नवी इस्त्री घेतली. तू म्हणशील, शिवणाचं दुकान बंद करून आमच्याकडे राहायला यायचं ठरलंय, मग इस्त्री कसली? ठरवलंस तू, दादा. मी कुठे हो म्हटलंय?

दुकानदाराने आधी एक चकचकीत इस्त्री पुढे केली. वजनाला हलकी, काचेवर आकडे उमटतात, तापली की हिरवा दिवा लागतो. मी नको म्हटलं. दुसरी भसाभस वाफ सोडणारी. शर्टाला ती छान, पण गोधडीचे तिरके कापलेले तुकडे वाफेने ताणले जातात आणि मग चौकोनाला चौकोन जुळत नाही. मला हवी होती कोरडी, जड, तळाला भोकं नसलेली. शिवणीवर नुसती ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. फरफटवायची नाही. दाब तिच्या वजनाचा, माझ्या मनगटाचा नाही.

मग एक हातात घेतली आणि डोळे मिटून तिचं बटण फिरवलं. प्रत्येक आकड्याला खटका. रेशीम कुठे, सुती कुठे, बोटांना कळत होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, डोळे मिटून काय बघताय?"

"उघड्या डोळ्यांनी जे दिसत नाही ते," म्हटलं. तीच बांधून घेतली.

आता तुला सांगतेच. पेन मुद्दाम जाड घेतलंय, पातळ रेघ मला दिसत नाही. नंबर वाढलाय एवढंच तुला कळवलं होतं. डॉक्टर म्हणाले, नजरेतलं मधलं गेलं ते परत येणार नाही, कडेचं राहील. मी खूप रडले. मग रिकाम्या हातांनी जास्तच रडू यायला लागलं, तेव्हा उठले आणि मशीनवर बसले.

सुईशेजारी लाकडी पट्टी चिकटवलीय, कापड तिला घासत सरळ जातं. शिवण नखाला कळते. रंग मी गिऱ्हाइकांनाच विचारते, त्यांना वाटतं मी त्यांची आवड विचारतेय. अडलं ते फक्त इस्त्रीपाशी. जुनीचा दिवा दिसेना आणि एका बाईंच्या गोधडीचा कोपरा करपला. त्या दिवशी मला वाटलं होतं, दादाचंच बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्री घ्यायला गेले.

तुमची मागची खोली हवेशीर आहे, वहिनी मला तळहाताच्या फोडासारखं जपेल, सगळं खरं. पण तिथे मला खुर्ची मिळेल, काम नाही. मला तसं बसवून ठेवू नकोस. मी येणार नाही.

रविवारी सामानासाठी टेम्पो सांगू नकोस. एकटा ये आणि तुझा सगळ्यात चुरगळलेला शर्ट आण. इस्त्री मी करते. तू चष्मा लाव, शर्ट उजेडात धर आणि एक सुरकुती शोधून दाखव. सापडली तर टेम्पोवाल्याला मीच फोन करीन.

नाही सापडली, तर तोच शर्ट घालून घरी जा आणि वहिनीला सांग, इस्त्री कोणी केली.

दुकान उघडं ठेवून तुझी वाट पाहणारी,
तुझी हट्टी धाकटी