भिंतीवर चढणारी बोटं

धायरी, पुणे

ती. ताईस,
धाकट्या दुर्गाचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. बाथरूममध्ये घसरून मोडलेला माझा खांदा जुळला आहे. दुखतो, पण रडण्याइतका नाही. काळजी करू नकोस.

फिजिओथेरपीवाली मिसबा भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायला लावते. परवा हात नाकासमोरच अडला. ती म्हणाली, “काकू, इथंच मुक्काम असेल तर चहा मागवू का?”

मला आपलं मंगरूळचं घर आठवलं. दिवाळीआधी पांढऱ्या मातीनं भिंती सारवताना वरचा पट्टा राहायचा. मग तू मला खांद्यावर घ्यायचीस आणि खालून आई ओरडायची, “पाडशील गं तिला!” त्या ओल्या मातीचा वास इथल्या रंगाला नाही.

हे मिसबाला सांगताना मला हसू आवरेना. ती म्हणाली, “आता वर बघा.” बोटं डोक्याच्याही वर गेली होती.

तुझे गुडघे कसे आहेत? एकटी विहिरीवर जात नाहीस ना?

आज अंबाडा मीच घातला. वाकडा झाला, पण सूनबाईनं तो सोडून पुन्हा घातला नाही. तसाच राहू दिला.

तुझीच,
दुर्गा