सुतळी, सफेदा आणि सायलेन्सर

२ फेब्रुवारी, रविवार

लग्नानंतर पहिल्याच वर्षी साईनाथ म्हणालेला, "प्राची, गाडी काही सांगत असली की मध्ये बोलू नकोस." मी तेव्हा मागे बसून गवारीच्या भावाबद्दल बोलत होते. साईनाथला जाऊन सहा वर्षं झाली. गाडी अजून आमच्या तळमजल्याच्या ओट्यावर, ग्रिलच्या आत उभी आहे. दर रविवारी चालू करते. आज फट्, फट्, फट्. सायलेन्सरचा बेंड पाईप इंजिनाला जिथे जोडलाय, त्या जॉइंटातून धूर गळतो.

जेवताना समीक्षाने बातमी दिली. कळव्याहून घोडबंदर रोडला ऑफिसला पोचायला दीड तास जातो, म्हणून १५ तारखेपासून तिकडेच मैत्रिणीबरोबर खोली. फक्त प्रवासामुळे, दुसरं काही नाही. मी दुसरं काही विचारलंच नव्हतं.

प्रवास हेच कारण असेल तर उपाय ओट्यावर उभा आहे. तिच्या बाबाने तिला गाडी शिकवलेली. संकल्प: १५च्या आत जॉइंट सील. पोरगी घरात.

३ फेब्रुवारी, सोमवार

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या कमलेशचा सल्ला घेतला. आतली जुनी रिंग खरवडून काढायची, नवी टाकायची, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. बोल्ट गंजलेले असणार. वर म्हणाला, "ताई, गाडी इकडे आणा, घरी खेळू नका."

खेळू नका! माझे बाबा पाणीखात्यात फिटर होते. नवी रिंग घेतली आणि निघाले.

५ फेब्रुवारी, सकाळी ७

नट काढले. जुनी रिंग दिसली नाही. झिजून संपली असणार. कडेला काळं, कडक काहीतरी चिकटलेलं, पण ते इंजिनाचंच. नवी रिंग बसवली. उजवा नट आवळला. आणखी आवळला. कट् असा आवाज आला. बसली.

समीक्षाची खिडकी ओट्यावरच उघडते. झोपमोड झाली म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय गं. तिने खिडकी ओढली. वायफायच्या वायरमुळे ती पूर्ण लागत नाही.

७ फेब्रुवारी

गळती आहे. उजवा नट नुसताच फिरतो. फिरू दे, डावा घट्ट आहे.

स्वतः शोधलेली पद्धत: रोज सकाळी वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. तापला की धातू फुगतो, फुगला की फट बुजते. गाडी वळवून सायलेन्सरचं तोंड ग्रिलबाहेर काढलं, म्हणजे धूर गल्लीत. पुढचं चाक समीक्षाच्या खिडकीखाली.

समीक्षा उठली ती डोकं धरूनच. मोबाईल फार बघते.

८ फेब्रुवारी, शनिवार

इतके दिवस सुचलं कसं नाही! बाबा पाईपच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायचे, वरून सफेदा, ते पांढरं लुकण, फासायचे, आणि तो जॉइंट पुढे वीस वर्षं ठिबकत नसे. जिथून पाणी गळत नाही तिथून धूर काय गळणार? हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, सफेदा गरम पाईपाला चालतो का? तो म्हणाला, गीझरला चालतो. झालं तर.

अर्धं बंडल सुतळी. हात कोपरापर्यंत पांढरे. गाडी चालू केली. फट् फट् नाही. एकदम मुकी. मला रडू आलं.

१० फेब्रुवारी

सफेदा वाळावा म्हणून सकाळची वीस मिनिटं चालूच आहेत. शेजारच्या मालनवहिनी त्या आवाजाची तक्रार घेऊन आल्या. त्यांनी चहा घेतला, मी ग्रिलला आतून निळी ताडपत्री बांधली, फक्त सायलेन्सरपुरतं भोक ठेवून. आता गल्लीला त्रास नाही.

माझंही डोकं जड. ऊन लवकर पडायला लागलंय यंदा. मांजर तीन दिवस ओट्यावर फिरकली नाही. समीक्षाला सकाळी मळमळलं. वडापाव सोड म्हटलं.

१२ फेब्रुवारी

ट्रायल. समीक्षा खारीगावपर्यंत जाऊन आली. उतरताना म्हणाली, "आई, पोतं जळल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, सफेदा पक्का होतोय. आवाज परत आलाय, पण पहिल्यापेक्षा खालच्या पट्टीत.

पायरीवर बसून राहिली. चेहरा पिवळा. मग म्हणाली, आठवडाभर गाडीने जाऊन बघेन, खोलीचं नंतर ठरवू, पण तू हे रोज सकाळचं बंद कर. लगेच कबूल केलं. जिंकले.

उद्या शेवटचं. शेवटचं म्हणून वीसऐवजी चाळीस मिनिटं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी ७.३५

चाळीस मिनिटं पूर्ण. समीक्षाला चहाला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. रुसलेली दिसते, आवाज झाला म्हणून. दार वाजवणार नाही. तिला तिची स्पेस हवी असते, मला कळतं ते. चहा झाकून ठेवला.

७.५०

अजून रुसलेलीच.

१४ फेब्रुवारी

हॉस्पिटल. समीक्षा शुद्धीवर आहे. काल दिवसभर ऑक्सिजन लावलेला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोळशाची शेगडी? गॅसचा गीझर? जनरेटर? मी तिन्हींना नाही म्हटलं. तिन्ही उत्तरं खरी होती. मग गाडीबद्दलही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

दुपारी कमलेशने घरी येऊन जॉइंट उघडला. आतून जुनी रिंग निघाली, त्यावर माझी नवी, मधोमध तुटलेला बोल्ट आणि काळी राख. ताडपत्रीही त्यानेच सोडली.

संध्याकाळी समीक्षाने डोळे मिटूनच विचारलं, "हाक किती वाजता मारलीस?"

साडेसातला.

"आणि दार कधी उघडलंस?"

आठला. मला वाटलं, रुसलीस.

तिने कूस बदलली.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी हॉस्पिटलमधून ती थेट खोलीवरच गेली. प्रवासामुळेच. डॉक्टरही म्हणाले, हवाबदल बरा. गाडी कमलेश घेऊन गेला. ओटा दोनदा धुतला.

सकाळपासून एकच मेसेज लिहून खोडतेय. शेवटी असा राहिलाय:

समीक्षा, एक रात्र तुझ्या खोलीत झोपू देशील का? गादी मी आणेन, दारापाशी टाकेन. तुझा श्वास चाललेला ऐकू आला की सकाळी तू उठायच्या आत निघून जाईन. नाहीच म्हणशील. तरी विचारतेय.