आई विचारतेय, आप्पा

आप्पा, आईच्या तपासणीचा रिपोर्ट आज आला. तुम्हाला होतं तेच निघालंय, आणि तेवढंच पसरलेलं. मी तिला सांगितलं, "आतड्याला सूज हाय, गोळ्यांनी उतरंल."

हे मी सांगितलं, जिची नोकरीच याची आहे. बरं न होणाऱ्या माणसांच्या घरी जाते, त्यांच्यापाशी बसते, घरच्यांना समजावते की माणूस विचारतो तेव्हा खोटं बोलू नका, तो एकटा पडतो. आज सकाळीच लोहारा गावाजवळ एका घरी होते. तिथल्या म्हाताऱ्या अण्णांना त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणं आपल्या रानात स्वतःला पुरायची जागा ठरवायची होती, आणि पोरं "तसलं अभद्र बोलू नका" म्हणून त्यांचं तोंड बंद करत होती. मी लई डोकं खाल्लं तेव्हा कुठं पोरांनी त्यांना खुर्चीसकट रानात नेलं. थोरल्यानं एक जागा दाखवली तर अण्णा खेकसले, "हितं न्हाय रं, खालून पाइपलाइन गेलीय! बांधाकडं घ्या." थोरला रडता रडता हसला. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

तुमच्या वेळी आपल्याकडं असं कुणी आलं नाही. कावीळ म्हणायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. पाहुणे बिस्किटांचे पुडे घेऊन यायचे, तुमच्या खाटेशी मोठमोठ्यानं हसायचे आणि अंगणात जाऊन डोळे पुसायचे. तुम्ही सुरुवातीला विचारायचात, "खरं सांगा, काय झालंय मला?" आम्ही म्हणायचो, "आधी दोन घास खा." मग तुम्ही विचारणं सोडलंत, अगदी जाईपर्यंत. भिंतीकडं तोंड करून पडलेले तुम्ही अजून दिसता.

दुपारी भाकरी थापता थापता आईनं पुन्हा विचारलं, "सूजच हाय नव्हं? तुझ्या आप्पांनाबी आपुन कावीळच म्हणत हुतो." "आधी जेवून घेऊ," म्हणाले मी. ती "व्हय बाई" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ती पुन्हा विचारेल म्हणून धास्ती वाटते, आणि तुमच्यासारखं विचारायचंच सोडून देईल म्हणून त्याहून जास्त. दुसऱ्यांच्या घरात बोलायची सगळी वाक्यं मला पाठ आहेत. स्वतःच्या आईसमोर पहिला शब्द फुटत नाही.

आत्ता ती आत एकटीच बसलीय. खरं सांगते, आप्पा, तुमच्याशी बोलावं म्हणून मी हे लिहायला बसले नाही. आत जावं लागू नये म्हणून बसलेय.