ओव्हरराइडसाठी योग्य शब्द

११ नोव्हेंबर, सकाळी
डेपोतला ड्यूटीचा तक्ता आजपासून कॉम्प्युटर लावणार. एकवीस वर्षं तो मी लावला, पेन्सिलीने, खोडरबर हाताशी ठेवून. वाईट वाटलं नाही. हल्ली तसं फारसं काही वाटत नाही. ही म्हणते बीपीच्या गोळीने होतं, मी त्याला शांती म्हणतो. शिवाय अधिकार माझ्याकडेच आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, मशीनने लावलेली ड्यूटी पटली नाही तर तुम्ही ती ओव्हरराइड करू शकता, फक्त चौकटीत कारण लिहायचं. अख्ख्या डेपोत हे बटण दोघांनाच. एक मी आणि दुसऱ्या आमच्याच वर्कशॉपच्या सुपरवायझरबाई.

त्याच दिवशी, संध्याकाळी
डिसेंबरचा तक्ता निघाला. हिचा धाकटा भाऊ आमच्याच डेपोत ड्रायव्हर. त्याला महिनाभर लांबची मुक्कामी गाडी लागली आहे. आज जायचं, तिकडेच झोपायचं, उद्या परत. त्याच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन एक तारखेला. दुसरा डोळा आधीच अधू. नंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. घरात तिसरं माणूस नाही. शहरातली सकाळची फेरी मिळाली तर दुपारी एकला तो घरी पोहोचतो.
मेहुणा खिडकीशी आला. "दाजी, एवढं बघा." मी म्हटलं, झालं समज. बदल वीस तारखेपर्यंत करता येतात. नऊ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

१२ नोव्हेंबर
बटण दाबलं. चौकट उघडली. 'बायकोचा डोळा' असं लिहिणार होतो, पण हे वर हेड ऑफिसला जातं. एवढ्या वर्षांच्या माणसाने पहिला ओव्हरराइड करायचा आणि भाषा ही? चौकट बंद केली. घरी येताना जाड डिक्शनरी आणली. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं, तेही गुरुजी रजेवर नसतील त्या दिवसांचं. पण शिकायला वय नसतं.

१३ नोव्हेंबर
ओव्हरराइडचे भाऊबंद बरेच निघाले. ओव्हररूल, व्हेटो, रिव्होक, रिव्हर्स. वहीची दोन पानं भरली. ओव्हररूल न्यायाधीश करतात, आधी ऐकून घेऊन. व्हेटोवाला नुसता आडवा पडतो, स्वतः काही सुचवायची जबाबदारी त्याच्यावर नाही. रिव्होक म्हणजे आपण दिलेलं आपणच काढून घेणं. ओव्हरराइड त्यांच्यात सज्जन. खालचा निर्णय तसाच राहतो, आपण त्याच्यावरून जातो, खड्ड्यावरून गाडी जावी तसे.
मेहुण्याने जिन्यात विचारलं. प्रक्रियेत आहे, म्हटलं.

१५ नोव्हेंबर
घरी सराव. जेवताना हिला म्हटलं, आज कुठलं चॅनल लावायचं याचा तुझा निर्णय मी ओव्हररूल करतो. "आधी माझ्या भावाचं करा," म्हणाली. रिमोट दिला नाही. नोंद : घरात ओव्हररूल चालत नाही. व्हेटो वापरून बघावा.

१६ नोव्हेंबर, पहाटे
देवापुढे बसलो असताना विचार आला. निर्णय मशीनचा असो की वरच्याचा, तो फिरवणारे आपण कोण? अर्धा तास त्यातच गेला. बरं वाटलं. मग हिने आतून विचारलं, ऑफिसला आज देव जाणार आहे की तुम्ही.

१७ नोव्हेंबर
सुपरवायझरबाईंना सहज विचारलं, कारण काय लिहिता. त्यांनी आतापर्यंत सात ओव्हरराइड केलेत. 'घरची अडचण' लिहितात, चक्क मराठीत. एकदा घाईत नुसते ठिपके दिले. सातही मंजूर. "वाचतंय कोण, भाऊ? दाबा आणि मोकळे व्हा." बाई कामाला वाघ आहे, पण भाषेची चाड नाही. अशानेच शब्द मरतात.
माझा तिसरा मसुदा चालू आहे. सुरुवात 'काइंडली'ने करावी की करू नये, तिथे अडलोय.

१९ नोव्हेंबर
मेहुणा पुन्हा आला. खिडकीशी उभा राहिला. मग म्हणाला, डॉक्टर म्हणतात बघायला कोणी नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला, पण ढकललं तर डोळ्याची खात्री नाही. "होईल ना, दाजी?" मी बाहेर जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. शर्ट सुती आहे, एवढं लक्षात आलं. उद्या नक्की, म्हटलं. पाचवा मसुदा तयार आहे. एक शब्द तेवढा बदलायचा.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
शब्द सापडला. सुपरसीड, म्हणजे जुन्याच्या जागी नवं बसवणं. पाच वाजून दहा मिनिटांनी.
चौकट उघडली नाही. मुदत पाचपर्यंत होती. मी वीस तारीख म्हणजे अख्खी वीस धरली होती. मॅनेजरसाहेबांकडे गेलो. आता माझ्याही हातात नाही, म्हणाले, नऊ दिवस काय करत होता? मी वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि परत दिली. एवढा अभ्यास त्यांना अपेक्षित नसावा.

२१ नोव्हेंबर
हिला शांतपणे समजावलं की निर्णय मशीनचा आहे. तिने ऐकून घेतलं. भांडली नाही. भांडायला हवी होती. माळ्यावरची बॅग काढली. तीस तारखेपासून महिनाभर ती भावजयीकडे राहायला जाणार. मी म्हटलं, या निर्णयाला माझा व्हेटो आहे.
"कारण लिहून ठेवा," ती बॅग पुसत म्हणाली. "आल्यावर वाचते."

३० नोव्हेंबर
गेली. डबे कुठले कुठे, ते सांगून गेली. मी मान हलवली. एकही लक्षात नाही.

५ डिसेंबर
ऑपरेशन नीट झालं. डोळा वाचला. हिने फोनवर सांगितलं आणि थेंबांची वेळ झाली म्हणून ठेवला. म्हणजे शेवटी सगळं मार्गी लागलंच. मी घाई केली नाही तेच बरं झालं. दोन वेळा एकच ताट धुतो. वेळ बराच उरतो.
दुपारी मेहुणा मुक्कामाहून आला. हजेरीसाठी खिडकीशी उभा राहिला. मी विचारलं, प्रवास बरा झाला ना. त्याने रजिस्टर आपल्याकडे ओढलं.
"सही कुठे करायची, साहेब?"
मी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने सही केली आणि गेला. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा त्याने मला साहेब म्हटलं. हुद्द्याची किंमत लोकांना उशिरा का होईना, कळते.
बोट मी आणखी थोडा वेळ तिथेच ठेवलं होतं.